उजवा पंख दोन सूत खाली

१

टेकचंद धकाते सरांचं विमान बघायला सानगडीत जो येई, तो पहिल्यांदा एकच विचारी: हे दारातून बाहेर कसं काढणार? सर त्याला मागची भिंत दाखवत. म्हणजे जिथं भिंत होती ती जागा. भिंत पाडून तिथं पत्र्याचं सरकतं दार बसवलं होतं. मग तो माणूस दुसरा प्रश्न विचारी: उडेल का? त्यावर सर चहा टाकायला उठत.

आयटीआयमध्ये तीस वर्षं फिटरचं काम शिकवलेला माणूस रिटायर झाला की शेतीत लक्ष घालतो, किराणा टाकतो, फारच खाज असली तर सरपंचकीला उभा राहतो. सरांनी परदेशातून अकरा खोक्यांत विमान मागवलं. दोन जणांनी शेजारी शेजारी बसायचं, ॲल्युमिनियमचं. खोकी ट्रकमधून उतरली त्या दिवशी गावात बोलवा उठली की सरांनी अकरा फ्रीज घेतले. पुढे सांगाडा उभा राहिला, तशी लोकांनी भाषा बदलली. कोणी म्हणे, साकोलीपर्यंत सोडून द्याल का. कोणी म्हणे, सर, धानावर फवारणी करून देता का जाता जाता.

विमान उभं होतं मागाच्या खोलीत. धकाते हे कोष्टी. तीन पिढ्यांचे हातमाग एका रांगेत मावत एवढी लांब खोली. शेवटचा माग शोभाताईंचा, सरांच्या बायकोचा. त्या गेल्या त्याला दोन वर्षं झाली. सांगाडा तेव्हा अर्धा झाला होता. पंख नंतर सरांनी एकट्यानं बांधले.

आता राहिलं होतं जुळवणं. पंख पुढून दोन जाड बोल्टांवर बसतो. मागं एकच बोल्ट, आणि त्याचं भोक कारखाना पाडून देत नाही. ते घरी पाडायचं, सगळं सरळ झाल्यावर. त्या एका भोकावर पंखाचा कोन ठरतो, आणि विमान नाकासमोर जाईल की एका कुशीवर वळत राहील, तेही. भोक चुकलं तर पंख भंगारात. पुस्तकात लिहिलं होतं, तीन दिवस तीन वेळा मोजा, मगच ड्रिल उचला.

सरांचा तो एकोणिसावा दिवस होता.

मोजायची साधनं गावचीच. ओळंबे, मासोळ्या धरायची नायलॉनची दोरी, आणि एकोडीच्या कैलाश मिस्त्रीकडून आणलेली पाण्याची नळी. गवंडी दोन कोपरे एका पातळीत आणायला वापरतात ती, आरपार दिसणारी. एक टोक डाव्या पंखाच्या टोकाला बांधलं, दुसरं उजव्याच्या. दोन्हीकडं स्केचपेननं खूण. पाणी दोन्ही खुणांवर आलं की विमान सपाट.

सकाळी सात वाजता पाणी दोन्ही खुणांवर बरोबर असे. दुपारी तीनच्या सुमाराला उजवीकडं खुणेच्या वर चढलेलं सापडे. म्हणजे उजवा पंख दोन सूत खाली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, बोटाच्या नखाएवढाही नाही. आणि पाचच्या आत सगळं पुन्हा जिथल्या तिथं.

२

फिटर माणूस भुताकडं शेवटी जातो. आधी टायरकडं जातो.

सरांनी दोन्ही टायरची हवा मोजली. सारखी. ऊन कुठून येतं ते पाहिलं. दुपारी उजव्या पंखावर ऊन पडत नव्हतंच. मग त्यांना आठवलं, उजवं चाक उभं आहे ते शोभाताईंच्या मागाच्या खड्ड्यावर. विणणारी पाय खाली सोडून बसते तो खड्डा. माग विकल्यावर मुरूम भरून वर सिमेंट केलं होतं. मुरूम बसला असेल.

कैलाश मिस्त्री आला. जमिनीवर टाच आपटली, कान लावला, पहारीच्या मागच्या टोकानं ठोकलं.

"सर, हे काम माया हातचं हाय. यावर हत्ती उभा करा."

"मग दुपारी काहून खचते?"

"दुपारी खचते अन् संध्याकाळी वर येते? असा मुरूम मी अजून पायला नाही, सर. सापडला तर मले दोन ट्रॅक्टर द्या."

शेवटी दोघांनी मिळून पंख उतरवले, विमान ढकलत अंगणात नेलं, तोंड फिरवून पुन्हा आत घातलं. आता खड्ड्यावर डावं चाक होतं. पंख चढवले, नळी बांधली. सकाळी पाणी बरोबर.

तीन वाजता उजवा पंख दोन सूत खाली. खड्डा डावीकडं, आणि खाली गेला उजवाच.

कैलाशनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "सर," तो म्हणाला, "मी मिस्त्री माणूस. विमानाच्या मनातलं मले नाही समजत." आणि चहा न घेता गेला. मिस्त्री चहा न घेता जातो म्हणजे काय, ते बांधकाम काढलेल्या माणसाला विचारावं.

३

दुसऱ्या दिवशी सर अडीचलाच खुर्ची टाकून बसले, उजव्या पंखाच्या टोकाशी, नळीवर नजर ठेवून.

मागाची खोली दुपारी फार शांत असते. पत्रा तापून टिक टिक करतो, मग तेही थांबतं. बाहेर तळ्याकडून कोणाची तरी हाक येते. सरांना डुलकी यायला लागली होती. पावणेतीनला टायरनं हळूच सुस्कारा टाकला, सायकलवर कोणी बसलं की टाकतो तसा. आणि नळीतलं पाणी हललं. धक्का बसल्यासारखं नाही. दोन सूत चढलं, किंचित खाली आलं, पुन्हा चढलं आणि थांबलं. कोणीतरी बसून, पदर सारखा करून, नीट टेकून बसावं तसं.

सरांनी उजव्या सीटकडं पाहिलं. रिकामी होती. कॅनव्हासच्या शिवणीत शिंगाड्याची वाळकी साल अडकली होती, ती दोन वर्षांपासून होती. त्यांनी ती काढली नव्हती.

सांगाडा नुसताच उभा होता, पंख नव्हते, तेव्हाची गोष्ट. दुपारचं जेवण आवरून शोभाताई शिंगाड्यांची टोपली घेऊन यायच्या आणि थेट उजव्या सीटवर चढून बसायच्या. पावणेतीनला. सोलत सोलत वाद घालायच्या.

"कधी उडवता तुमचं हे?"

"पंख तर लागू दे."

"लवकर लावा. मले माहेर पाहाचं हाय."

त्यांचं माहेर गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. गाव उठलं, नवीन ठिकाणी वसलं, पण तिथं त्या जात नसत. त्यांना जुनंच पाहायचं होतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वरून घराचा चौथरा दिसतो, असं त्यांना कोणी तरी सांगितलं होतं. डोंग्यातून, लहान होडीतून, नाही दिसत म्हणे, वरूनच दिसतो. त्यासाठी ती उजवी सीट त्यांनी आधीच धरून ठेवली होती, एसटीत रुमाल टाकून धरतात तशी.

संध्याकाळी मुलीचा, करुणाचा, नागपूरहून फोन आला.

"बाबा, जेवले का?"

"जेवलो."

"काय?"

सरांना आठवेना. "भात," ते म्हणाले. भंडारा जिल्ह्यात हे उत्तर कधी चुकत नाही.

"भोक पाडलं का?"

"नाही. उजवीकडं थोडं कमी-जास्त होऊन राहिलं."

"कायले एवढा जीव काढता हो? रविवारी येते मी. मायासमोर पाडा अन् मोकळे व्हा."

४

सरांनी धान मोजायचा काटा आणला आणि तांदळाचं पोतं. सकाळी, पाणी बरोबर असताना, उजव्या सीटवर थोडा थोडा तांदूळ ठेवत गेले. दोन सूत चढायला सत्तेचाळीस किलो लागला.

मग त्यांनी वही काढली. पहिल्या दिवसापासूनची मापं त्यात होती, हे फिटरच्या अंगवळणीच पडलेलं. पहिल्या दिवशी फरक दोन सूत नव्हताच. दीड होता, थोडा जास्त. त्यांनी तांदूळ काढत आणला, पाणी त्या मापावर आलं तेव्हा थांबले आणि सीटवरचं पोतं उचलून काट्यावर ठेवलं.

अडतीस किलो.

दवाखान्याच्या शेवटच्या कागदावर शोभाताईंचं वजन लिहिलेलं होतं. तो कागद सरांना बघावा लागला नाही. अडतीस. आजारपणाआधी त्या बावन्न होत्या.

सर तिथंच पोत्यावर बसले. भीती वाटायला हवी होती, ती वाटली नाही. वाटलं ते एवढंच, की ही भरत चालली आहे. तीन आठवड्यांत नऊ किलो. आजारी माणूस बरं होऊन घरात हिंडायला लागलं की घराला जसं हायसं वाटतं, तसं त्यांना वाटलं. अजून पाच किलो, म्हणजे झाली पूर्वीसारखी.

उठताना त्यांची पँट कमरेवरून खाली सरकली. पट्ट्याला भोकं संपली होती. गेल्या आठवड्यापासून ते सुतळी बांधत होते आणि त्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. ते काट्यावर उभे राहिले. दिवाळीत अडुसष्ट भरले होते. आता एकोणसाठ.

नऊ.

हिशेब समोर होता आणि तो त्यांना पटला, हीच त्यातली वाईट गोष्ट. लग्नाचा नवरा आहे, देईल नऊ किलो. देईल चौदा.

आणि त्यांनी ठरवलं, भोक पाडायचं ते दुपारी, ती बसलेली असताना. उजव्या पंखाला थोडा जास्त कोन, तिचं वजन उचलायला. शोभाताई नवा ताणा, म्हणजे उभे धागे, मागावर चढवला की तसाच सरळ करत नसत. आधी पूर्ण भार टाकून बसत, मग दोऱ्या ताणत. "बसल्याशिवाय माग खरं नाही सांगत," म्हणायच्या. असं भोक पाडलेलं विमान एकट्यानं उडवलं तर डावीकडं वळत जाणार, हे सरांना ठाऊक होतं. पण एकट्यानं उडवायचं कोणाला होतं?

५

रविवारी करुणा आली ती डबा घेऊनच. बापाकडं पाहून दारातच थांबली.

"हे काय करून घेतलं बाबा? गालफडं बसले तुमचे."

"वय झालं."

"दोन महिन्यांत?"

तिनं जबरदस्तीनं जेवू घातलं. मग म्हणाली, दाखवा तुमचा फरक. सर नको नको म्हणत असताना ती मागाच्या खोलीत गेली, पायरीवर पाय ठेवून चढली आणि उजव्या सीटवर बसली. आई बसायची तिथं. तिला दुसरी सीट सुचलीच नाही.

"आई काय आरामात बसे इथं," ती म्हणाली आणि मान मागं टाकली. सकाळी पाचची गाडी धरून आलेली पोरगी, डोळे मिटले.

सरांनी घड्याळ पाहिलं. दोन चाळीस. तिला उठवायला हवं होतं. पण झोपेतली लेक कोणाच्यानं उठववते. ते नळीशी जाऊन उभे राहिले. करुणाच्या वजनानं उजवीकडचं पाणी चढलेलं होतं, दोन सुतांच्या किंचित वर.

पावणेतीनला टायरनं सुस्कारा टाकला. या वेळी डाव्यानं.

उजवीकडचं पाणी उतरू लागलं. उतरत उतरत बरोबर खुणेवर येऊन थांबलं. लेक आली म्हणून आईनं आपली जागा सोडली होती आणि पलीकडच्या सीटवर सरकली होती.

सरांनी काचेतून आत पाहिलं. करुणाची मान झोपेत डावीकडं कलली होती. दोन सीटांच्या मधे टेकायला काहीच नव्हतं. मान पडायला हवी होती. ती अर्ध्यावर थांबली होती, कशावर तरी, आणि करुणाचा गाल त्या बाजूनं किंचित दबलेला होता.

किती सुंदर दिसत होतं ते. सर बघत राहिले. दहा मिनिटं, वीस मिनिटं. ज्याच्यासाठी दोन वर्षं जीव तुटला ते समोर होतं, आणि त्यांना फक्त उभं राहायचं होतं.

मग खण्ण आवाज झाला.

करुणाच्या मनगटातलं कडं खाली पडलं होतं. लग्नात आईनं घातलेलं, साबण लावूनही न निघणारं. झोपेत हात सीटबाहेर लोंबला आणि ते आपोआप निसटून सिमेंटवर गेलं.

"करुणा. उतर."

"काय झालं?"

"उतर म्हणतो ना खाली. आत्ता."

ती डोळे चोळत उतरली, कडं उचललं, हातात घालून पाहिलं. ते कोपरापर्यंत गेलं. "मीही वाळली वाटते," ती हसून म्हणाली. "आईचं स्वप्न पडलं, बाबा. बसली होती बाजूले. म्हणे, राहा ना दोन दिवस."

"चारची गाडी हाय तुयी."

"राहते ना मी दोन दिवस. सुट्टी टाकते."

"कायले? मले काम करू देत नाही तू. येत जाऊ नको अशी."

करुणाला बापाची अशी बोलणी सवयीची नव्हती. ती पिशवी घेऊन निघाली. सर बसस्टॉपपर्यंतही गेले नाहीत. गेले असते तर त्यांनी तिला थांबवलं असतं.

६

कोष्ट्याच्या घरात एक गोष्ट करतात. विणणारी बाई गेली, की तिचं दिवसकार्य झाल्यावर घरातल्यानं तिचा माग रिकाम्या बैठकीवर जुळवायचा. कोणी न बसता. तिच्या भारानं ताणलेल्या दोऱ्या सोडायच्या आणि नव्यानं, कोणाच्याच नसल्यासारख्या बांधायच्या. गेलेल्याला समजतं मग, आपली जागा आता उरली नाही. शोभाताईंच्या वेळी सरांनी ते केलं नव्हतं. माग तसाच विकून टाकला होता, दोऱ्यांसकट.

सोमवारी सकाळी सात वाजता त्यांनी नळी पाहिली. पाणी दोन्ही खुणांवर. ओळंबे पाहिले, शेपटापासून दोन्ही टोकांची अंतरं पाहिली. सीट रिकामी. शिवणीतली शिंगाड्याची साल त्यांनी चिमटीनं काढून बाहेर टाकली.

"शोभा," ते म्हणाले, "पोरीले नको."

आणि ड्रिल लावलं. आधी डावं भोक, मग उजवं. ॲल्युमिनियमचा चुरा चांदीच्या केसांसारखा गोल गोल बाहेर आला. पुस्तकात लिहिलं होतं तसंच सरळ, कोणाच्याच भाराशिवाय. बोल्ट आत गेले ते बोटानं दाबून गेले, एवढं नेमकं.

त्या दुपारी ते खुर्ची टाकून बसले. पावणेतीन झाले. तीन झाले. पाणी खुणेवरून केसभर हललं नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी सरांनी शिंगाडे आणून उकडले, टोपली उजव्या सीटवर ठेवली आणि मग स्वतःचीच लाज वाटून परत काढून घेतली.

विमान इतकं सरळ कधीच नव्हतं. गावातलं कोणीही येऊन बघावं. सर मात्र दुपारभर पाण्याकडं बघत बसत आणि मनात म्हणत, एक सूत. अर्धं सूत चालेल.

७

शुक्रवारी कैलाश मिस्त्री नळी परत न्यायला आला. शेवटचं एक माप राहिलं होतं: चालवणारा सीटवर बसल्यावर विमान किती झुकतं ते. त्याला दोन माणसं लागतात, एक बसायला, एक वाचायला.

"तुम्ही बसा, मी वाचतो," कैलाश म्हणाला आणि उजव्या पंखाच्या टोकाशी, नळीपाशी, वाकून उभा राहिला. दिवस कलायला लागला होता. अडीच वाजून गेले असतील.

सर पायरीशी थबकले. एवढ्या दिवसांत, एवढ्या वर्षांत, ते या विमानात कधी बसलेच नव्हते. बसायचं ते दोघांनी, असं ठरलं होतं. त्यांनी पाय आत टाकला आणि डाव्या सीटवर बसले. कॅनव्हास करकरला. समोर सरकतं दार उघडं होतं. पलीकडं कापून झालेली धानाची बांधी आणि त्यापलीकडं नुसतं आभाळ.

"बसा ना सर, काहून थांबले?"

"बसलो ना गा."

"पाणी तर हललं नाही."

"पाह्य बरोबर. उजवीकडचं खाली जायला पाहिजे. किती गेलं?"

"काहीच नाही. खुणेवरच हाय." कैलाशनं चष्मा कपाळावर केला, डोळा नळीला लावला. पाणी थरथरत होतं, त्याला माप धरता येईना. वर न बघताच, कामात असलेला माणूस बोलतो तसा तो म्हणाला,

"शोभाताई, हात आत घ्या जरा. पंख हालून राहिला."

बोलून गेला आणि तसाच वाकलेला राहिला. चष्मा कपाळावरून घसरून नाकावर आला तरी त्यानं हात लावला नाही. पाणी थरथरायचं थांबलं.



"मिस्त्री," सर म्हणाले. त्यांनी मान वळवली नव्हती. नजर समोर, आभाळात. "करुणाले फोन लाव. म्हणावं, बाबा चांगले हायेत. म्हणावं, इकडं येऊ नको. होळीलेही नको."

"सर, तुम्ही आधी खाली उतरा."

"पाणी काय म्हणते ते सांग."

कैलाशनं उजवी खूण पाहिली. मग पंखाखालून, विमानाकडं पाठ ठेवून, भिंतीला घासत डाव्या टोकाशी गेला आणि ती खूण पाहिली.

"सारखं हाय," तो म्हणाला. "दोन्हीकडं सारखं."

सरांनी उजवं कोपर अंगाशी ओढून घेतलं, शेजारच्याला नीट बसता यावं म्हणून घेतात तेवढंच.